चौथ्या वर्षाची प्रयोगशाळा कुठे आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून राज्यातील स्वायत्त महाविद्यालये आणि विद्यापीठ विभागांनी २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून चार वर्षांच्या पदवीचा आराखडा स्वीकारला. त्यानुसार पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२६-२७ हे आहे. संख्येने कितीतरी मोठ्या असलेल्या संलग्न महाविद्यालयांची पाळी त्यानंतर वर्षभराने येते. कला आणि वाणिज्य शाखांपुढे हा प्रश्न मुख्यतः वर्गखोल्यांचा आणि वेळापत्रकाचा आहे. रेणवीय जीवशास्त्र, जनुकशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान या विषयांत मात्र चौथे वर्ष म्हणजे प्रयोगशाळा. तीच नसेल तर हे वर्ष केवळ कागदावर राहील, आणि त्याची किंमत चांगले गुण मिळवूनही चुकीच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मोजावी लागेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात तीन वर्षांना १२० आणि चार वर्षांना १६० श्रेयांक निश्चित केले आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यास चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ हा मार्ग निवडता येतो. त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले तर हे ३६० तास होतात. या पदवीधरास पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत थेट उतरण्याची मुभा आयोगाच्या २०२२ च्याच नियमावलीने दिली आणि २०२४ मध्ये ‘नेट’चे दारही त्याच्यासाठी उघडले. विद्यार्थी आणि पालकांचे लक्ष साहजिकच या सवलतींकडे गेले.

परंतु त्याच आराखड्यात आणखी एक अट आहे, तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. संशोधनासह ऑनर्स देऊ इच्छिणाऱ्या विभागाकडे प्रायोगिक संशोधनास आवश्यक प्रयोगशाळा, नियतकालिके आणि संगणकीय सुविधा हव्यात, शिवाय पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायमस्वरूपी प्राध्यापक हवेत. अट रास्त आहे. ती शिथिल करावी, असे म्हणण्यासारखे काहीही नाही. प्रश्न इतकाच की, ती पूर्ण करणारे विभाग नेमके कोणते?

येथे एक विचित्र विसंगती समोर येते. मानवी जनुकसंचाच्या कच्च्या आराखड्याची घोषणा जून २००० मध्ये झाली आणि पुढची काही वर्षे ‘बायोटेक’ हा शब्द प्रवेशपत्रिकांवर सोन्यासारखा चमकू लागला. राज्यात ठिकठिकाणी जैवतंत्रज्ञानाचे पदवी अभ्यासक्रम निघाले. त्यांपैकी अनेक विनाअनुदानित तत्त्वावर उभे राहिले. शुल्क जास्त, शिक्षक हंगामी किंवा तासिका तत्त्वावरचे आणि वेतन तुटपुंजे, असे त्यांचे स्वरूप राहिले. नेट वा पीएच.डी. झालेला तरुण अध्यापक तेथे दोन-तीन वर्षे काढतो आणि बरी संधी मिळताच निघून जातो, याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. परिणामी ज्या विभागाच्या दारावर सर्वांत आधुनिक नाव आहे, तोच विभाग दोन कायमस्वरूपी मार्गदर्शकांच्या अटीपाशी अडखळतो. शेजारचा जुना, अनुदानित वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र विभाग ती कदाचित पूर्ण करू शकतो. मात्र निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे न भरल्याने तेथेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे उरली आहेत.

कांद्याचा डीएनए आणि जर्नल

प्राध्यापकांच्या संख्येइतकाच गंभीर मुद्दा प्रात्यक्षिकांच्या स्वरूपाचा आहे. पदवीच्या जीवशास्त्रात विद्यार्थी कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीविभाजन पाहतो, गालाच्या आतील पेशी काचपट्टीवर घेतो, मीठ, साबणद्रव आणि थंडगार अल्कोहोल वापरून कांद्यातून किंवा फ्लॉवरमधून डीएनएचे पांढरे धागे वर काढतो. हे सारे आवश्यकच आहे. तो पांढरा धागा पहिल्यांदा पाहताना वाटणारे नवलही खरे असते. पण पुढे काय? तिसऱ्या वर्षी अ‍ॅगरोज जेलवर डीएनएचे पट्टे पाहायचे, तर वीस जणांच्या तुकडीमागे एक उपकरण असते. एकजण नमुना भरतो आणि बाकीचे पाहतात. विकरे उणे २० अंशांवर ठेवावी लागतात. त्यामुळे वीज गेली आणि शीतपेटीला जनित्राची जोड नसली, की महागडी कुपी निकामी होते. म्हणून बरीच प्रात्यक्षिके तयार किटवर उरकली जातात. किटचे उत्तर माहितीपुस्तिकेत आधीच छापलेले असते आणि ते जर्नलमध्ये उतरवून सही मिळाली की विषय संपतो.

प्रगत अभ्यासाचा आरंभ नेमका याच्या उलट टोकापासून होतो. डीएनएची प्रत बनताना जुना एक धागा आणि नवा एक धागा एकत्र येतात, हे बारावीच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. ते कळले कसे, हा पदवीच्या शेवटच्या वर्षांचा प्रश्न असायला हवा. मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी १९५८ मध्ये जिवाणूंना आधी जड नायट्रोजनवर वाढवले, मग साध्या नायट्रोजनवर आणले आणि प्रत्येक पिढीतील डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात फिरवून तो कोणत्या थरावर तरंगतो हे पाहिले. एका पिढीनंतर मधला एकच पट्टा आणि दोन पिढ्यांनंतर दोन पट्टे. इतक्या साध्या निरीक्षणातून दोन पर्यायी कल्पना बाद झाल्या. या प्रयोगाचा निष्कर्ष एका ओळीत सांगता येतो, पण त्याची रचना समजून घेण्यास आठवडा द्यावा लागतो. सत्र पद्धतीच्या परीक्षांमध्ये असा आठवडा कुणाकडे उरत नाही. ‘टिपा लिहा’ या प्रश्नाला तो लागतही नाही.

याच्या मुळाशी बारावी आहे. जीवशास्त्र घेणाऱ्या मुलांचे पहिले लक्ष्य ‘नीट’ असते. २०२४ मध्ये ही परीक्षा २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. तिच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे आहेत आणि गणिताचा एकही नाही. राज्यात अकरावीलाच गणित सोडून देता येते आणि जीवशास्त्राकडे वळणारी पुष्कळ मुले ते आनंदाने सोडतात. वैद्यकीय प्रवेश हुकलेली हीच मुले पुढे सूक्ष्मजीवशास्त्राच्या आणि जैवतंत्रज्ञानाच्या वर्गात येऊन बसतात आणि जनुकशास्त्रात संख्याशास्त्र समोर आले की बिचकतात. वास्तविक जनुकशास्त्राचा जन्मच मोजणीतून झाला. ग्रेगोर मेंडेलने वाटाणे केवळ पाहिले नाहीत, तर मोजले. गुळगुळीत ५ हजार ४७४ आणि सुरकुतलेले १ हजार ८५०. तीनास एक या गुणोत्तराजवळ जाणारे हे आकडे मांडले नसते, तर त्याच्या मठातील बागेला विज्ञानाच्या इतिहासात स्थान मिळाले नसते. आयसर संस्थांच्या प्रवेश चाचणीत गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या चारही विषयांना सारखेच स्थान आहे, ते यामुळेच. तेथे जीवशास्त्रज्ञ होऊ इच्छिणाऱ्यालाही गणितापासून सुटका नाही.

शिकवणे एकीकडे, शोधणे दुसरीकडे

पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधन दुर्मीळ का झाले, याचे उत्तर स्वातंत्र्योत्तर धोरणात सापडते. देशाने संशोधन संस्था उभारल्या त्या प्रामुख्याने विद्यापीठांच्या बाहेर. अध्यापन महाविद्यालयांकडे राहिले आणि उपकरणे व निधी संस्थांकडे गेला. महाराष्ट्राच्या वाट्याला या व्यवस्थेतील उत्तमोत्तम संस्था आल्या. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबैद सिद्दिकी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९६२ मध्ये तेथे रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू झाला. देशातील या विषयाच्या आरंभीच्या केंद्रांपैकी ते एक होते. बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र पुढे याच परंपरेतून उभे राहिले. पुण्यात तर राष्ट्रीय विषाणू संस्था, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आघारकर संशोधन संस्था दुचाकीवरून एका दिवसात फिरून येण्याच्या अंतरात आहेत. तरीही त्याच शहरातील बी.एस्सी.च्या हजारो विद्यार्थ्यांनी या संस्थांची फक्त फाटके पाहिलेली असतात.

हे दोन प्रवाह पुन्हा जोडण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे आयसर. पुणे आणि कोलकाता येथे २००६ मध्ये या संस्था सुरू झाल्या. पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमाचे अखेरचे वर्ष संपूर्णतः संशोधनास वाहिलेले, ही त्यांची रचना आजच्या चौथ्या वर्षाच्या कल्पनेची पूर्वसुरी म्हणता येईल. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील अणुऊर्जा विभागाचे मूलभूत विज्ञान केंद्र २००७ पासून, तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम २०११ पासून चालू आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने तर २००२ मध्येच जैवतंत्रज्ञानाचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम सुरू केला होता. हे सर्व प्रयोग यशस्वी ठरले ते प्रामुख्याने एका कारणाने. त्यांनी प्रवेशसंख्या मर्यादित ठेवली आणि शिकवणारा माणूस स्वतः संशोधन करणारा असेल, याची काळजी घेतली. संलग्न महाविद्यालयाकडे या दोहोंपैकी एकही गोष्ट त्याच्या हातात नसते.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यासाठी काही खिडक्या उघड्या होत्या आणि आहेत. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीस्तरीय विज्ञानाचा राष्ट्रीय उपक्रम, तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्ती आणि टाटा संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम यांतून दरवर्षी काही विद्यार्थी खऱ्या प्रयोगशाळेत पोहोचतात. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना ही त्यांतील एक प्रतिष्ठेची योजना २०२२ मध्ये स्वतंत्र स्वरूपात बंद झाली. पण खिडकीतून आत येणारे थोडेच असतात. शिवाय सहा-आठ आठवड्यांत तंत्र शिकून होते, प्रश्नाशी झुंजणे होत नाही.

या तुटलेपणाची किंमत २०२० मध्ये सर्वांना कळली. आरटी-पीसीआर हा शब्द तेव्हा घराघरांत पोहोचला. पुण्यातील मायलॅब या कंपनीच्या चाचणी संचाला त्याच वर्षी मार्चमध्ये मान्यता मिळाली. पुढे विषाणूच्या जनुकीय क्रमवाचनासाठी देशातील दहा प्रयोगशाळांचे जे जाळे विणले गेले, त्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र होते. विद्यापीठे आणि संशोधन संस्थांनाही चाचण्यांसाठी पाचारण करावे लागले. पीसीआर हे तंत्र १९८३ पासूनचे. ते राज्यातील प्रत्येक जैवतंत्रज्ञान पदवीच्या अभ्यासक्रमात होते, पण हातात मायक्रोपिपेट धरून ते स्वतः केलेले पदवीधर किती होते?

कुजलेल्या वांग्यावरचा विषाणू

पदवीच्या मुलांकडून खरे संशोधन होते काय, अशी शंका ज्येष्ठ प्राध्यापकही बोलून दाखवतात. तिला उत्तर देणारे एक उदाहरण अमेरिकेत आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाचे ग्रॅहम हॅटफुल आणि हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्था यांनी २००८ मध्ये महाविद्यालयांच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने आपल्या अंगणातील माती आणायची, त्यातून जिवाणूंना मारणारा विषाणू म्हणजे फेज वेगळा करायचा, त्याला नाव द्यायचे, त्याचा जनुकसंच वाचून जनुके ओळखायची आणि माहिती सर्वांसाठी खुली करायची. यासाठी वापरला जाणारा मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस हा जिवाणू क्षयाच्या जिवाणूचा निरुपद्रवी नातलग आहे. माती, पेट्रीडिश, उबवणपेटी एवढ्यावर पहिला निम्मा भाग होतो. आजवर या मार्गाने हजारो फेज सापडले आहेत.

या संग्रहाचा उपयोग काय, हे २०१९ मध्ये जगाने पाहिले. लंडनमधील पंधरा वर्षांच्या एका मुलीला फुप्फुस प्रत्यारोपणानंतर मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस या जिवाणूचा संसर्ग झाला होता आणि प्रतिजैविके निष्प्रभ ठरली होती. हॅटफुल यांच्या संग्रहातील तीन फेज निवडून, त्यांपैकी दोहोंत जनुकीय फेरफार करून ते तिला देण्यात आले. संसर्ग पूर्णतः गेला नाही, परंतु जखमा भरून आल्या आणि प्रकृती सुधारली. जनुकीय फेरफार केलेले फेज माणसाला उपचार म्हणून देण्याची ही पहिलीच वेळ. त्या तिघांपैकी ‘मडी’ नावाचा फेज २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे एका विद्यार्थिनीने कुजलेल्या वांग्यावरून मिळवला होता. तिने तो शोधला तेव्हा लंडनच्या मुलीचा विषय कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

या उदाहरणाचा मथितार्थ स्वस्त प्रयोगशाळा असा काढणे मात्र चुकीचे होईल. त्यामागे सामाईक सुविधेची मोठी यंत्रणा होती. क्रमवाचन महाविद्यालयाला करावे लागत नव्हते, अध्यापकांना आधी प्रशिक्षण मिळत होते आणि प्रश्न असा निवडला होता की, प्रत्येक विद्यार्थ्याचे उत्तर वेगळे आणि नवे येणारच. महाराष्ट्रातील चौथ्या वर्षाला याच तीन गोष्टी हव्या आहेत. विषयांची तर येथे वाण नाही. सोलापूर, सांगली, नाशिक पट्ट्यात डाळिंबावर पडणारा तेल्या हा झँथोमोनास वंशाच्या जिवाणूमुळे होतो. त्या जिवाणूला मारणारे फेज बागांच्या मातीत शोधण्याचा प्रकल्प पंढरपूर वा मालेगावच्या विद्यार्थ्याला पुण्याच्या विद्यार्थ्याहून अधिक सोपा आहे. विदर्भ-मराठवाड्यात २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाची जी दाणादाण उडवली, तिच्यामागे अळीत उतरलेली प्रतिकारशक्ती होती. जिल्ह्याजिल्ह्यातील अळ्यांत त्या प्रतिकाराची जनुके कशी पसरली आहेत, हा शुद्ध लोकसंख्या-जनुकशास्त्राचा प्रश्न आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि सोलापूरचे डाळिंब संशोधन केंद्र त्यासाठी हाकेच्या अंतरावर आहेत. बियाणे उद्योगाचे शहर असलेल्या जालन्यात वाणांची शुद्धता डीएनए खुणांवरून तपासण्याचे ज्ञान थेट रोजगाराशी जोडलेले आहे.

फळमाशीचा विसर पडू नये. रवा, गूळ, यीस्ट आणि अगर यांच्या खळीवर बाटलीत वाढणारा हा कीटक दहा-बारा दिवसांत पुढची पिढी देतो. म्हैसूर विद्यापीठात त्याच्या वाणांचे राष्ट्रीय केंद्र आहे. ३६० तासांच्या प्रकल्पात संकर, मोजणी आणि संख्याशास्त्र हे तिन्ही त्यावर शिकता येते. उणे ८० अंशांची शीतपेटीही लागत नाही.

प्रयोगशाळा नसेल तर संगणकावर काम करा, हा सल्ला सध्या फार सहज दिला जातो. त्यात तथ्य आहे. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रातून संशोधकांसाठी ठरावीक नियमांनुसार खुली झाली. प्रथिनांच्या रचनांचे अंदाज देणारा अल्फाफोल्डचा कोश तर कुणालाही विनामूल्य पाहता येतो, आणि त्यामागील कामाला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले आहे. तरीही ज्याने स्वतः नमुना गोळा केला नाही, ज्याचा प्रयोग तीनदा फसला नाही, त्याला पडद्यावरील आकड्यांत कचरा किती आणि अर्थ किती हे ओळखणे अवघड जाते. संगणक हा ओल्या प्रयोगशाळेचा जोडीदार आहे. तिच्या जागी त्याला बसवणे हे पैसे वाचवण्याचे निमित्त ठरेल.

जैवसुरक्षेचा मुद्दाही आहे. जनुकीय फेरफार केलेल्या जीवांवर काम करायचे तर १९८९ च्या नियमांनुसार संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. क्रिस्परचे नाव घेऊन माहितीपत्रके सजवणाऱ्या महाविद्यालयांनी आधी ही समिती नेमली आहे काय, हे पालकांनी जरूर विचारावे.

दिल्लीचा अनुभव, पुण्याचे गणित

चार वर्षांची पदवी घाईने आणली की काय होते, हे दिल्ली विद्यापीठाने एकदा पाहिले आहे. २०१३ मध्ये सुरू केलेला असा अभ्यासक्रम वर्षभरातच, जून २०१४ मध्ये मागे घ्यावा लागला. नव्या धोरणाखाली तो २०२२ मध्ये परत आला आणि २०२५-२६ मध्ये तेथील पहिली तुकडी चौथ्या वर्षात पोहोचली. महाराष्ट्राच्या विद्यापीठांना त्या वर्षाचे निरीक्षण करण्याची संधी होती. आपल्याकडे मान्यताप्राप्त मार्गदर्शक कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या विषयात किती आहेत, याची जिल्हावार यादी विद्यापीठांच्या दप्तरी असतेच. ती चौथ्या वर्षाच्या प्रवेशांपूर्वी जाहीर केली, तर अर्धा गोंधळ मिटेल. एका गावातील दोन-तीन महाविद्यालयांनी मार्गदर्शक आणि उपकरणे एकत्र वापरावीत, विद्यार्थ्याने गुण आपल्या महाविद्यालयातून मिळवावेत आणि प्रकल्प जवळच्या कृषी संशोधन केंद्रात वा वैद्यकीय महाविद्यालयात करावा, अशी रचना करता येते. मात्र बाहेरच्या संस्थेतील शास्त्रज्ञाला सहमार्गदर्शक म्हणून मान्यता, प्रवास व निवासाचा खर्च आणि रसायनांसाठी दरडोई ठरावीक रक्कम यांचे उत्तर शासन आणि विद्यापीठांनी द्यायचे आहे. प्राचार्यांच्या सद्भावनेवर ते भागणार नाही.

विद्यार्थी तोवर आपले गणित मांडतोच आहे. तीन वर्षांनी बाहेर पडून दोन वर्षांची एम.एस्सी. केली काय किंवा चौथे वर्ष करून एक वर्षाची एम.एस्सी. केली काय, एकूण पाचच वर्षे होतात. पहिल्या मार्गात विभाग ओळखीचा आहे, जागा ठरलेल्या आहेत आणि प्रवेश परीक्षेचा अनुभव आधीच्या तुकड्यांकडून मिळतो. दुसऱ्या मार्गात एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी आपल्या विषयात, आपल्या विद्यापीठात किती जागा असतील, हे त्याला चौथ्या वर्षाचा अर्ज भरण्याआधी कळायला हवे. चौथे वर्ष निवडायचे की नाही, हे नांदेडचा किंवा रत्नागिरीचा विद्यार्थी संशोधनाच्या ओढीपेक्षा या एका आकड्यावरून ठरवील.